त्रिंबकराव साळिंदर आणि न मिटणारे पंख

मुलांनो, मांडी घालून नीट बसा. एका जंगलात त्रिंबकराव नावाचे एक साळिंदर राहत होते. जंगल कुठलं, ते विचारायचं नाही. तुमच्या घराजवळचंच असेल, पण तुम्ही मोबाइलमधून मान वर काढाल तेव्हा दिसेल ना!

त्रिंबकराव सिंहाच्या दरबारात आवक-जावक सांभाळायचे. एकतीस वर्षं त्यांनी कागदांवर नंबर घातले आणि एकही नंबर चुकला नाही. निवृत्तीच्या समारंभात सिंहाने सगळ्यांची पाठ थोपटली. त्रिंबकरावांना मात्र शाल-श्रीफळ लांबूनच दिलं. हसू नका. साळिंदराची पाठ तुम्ही थोपटाल? मग सिंहाला कशाला नावं ठेवता?

पण त्रिंबकरावांना ते फार लागलं. आयुष्यात एकदा तरी कुणीतरी आपल्या पाठीवर हात ठेवून 'शाबास' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा उरली. बायकोजवळ, म्हणजे कृष्णाबाईंजवळ, ते हे बोलले नाहीत. बोलून उपयोगही नव्हता. त्यांच्याही अंगावर काटेच होते.

अशात वडाखाली एक पाटी लागली. जंगलात छोट्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरणार होतं. पहिला नंबर येईल त्याची पाठ खुद्द परीक्षक थोपटणार होते.

त्रिंबकरावांनी लगेच एक खोकं मागवलं. त्यात एका लढाऊ विमानाचे तुकडे होते. फार वर्षांपूर्वी समुद्रावर पक्ष्यांची मोठी लढाई झाली, तेव्हा ही विमानं जहाजाच्या डेकवरून उडायची. पक्ष्यांना विमानं कशाला लागतात, असं विचारू नका. एकदा लढायचं ठरलं की स्वतःचे पंख कुणालाच पुरत नाहीत.

विमान खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाएवढं होतं. प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले सहाशे बारा तुकडे, आणि प्रत्येकावर नंबर! नंबर बघून त्रिंबकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग बिळात दुसरं काही सुचेना. एक तुकडा कापायचा, घासायचा, चिकटवायचा, वाळेपर्यंत श्वास रोखून बसायचं. रंगवायला ब्रश नको, स्वतःचाच एक काटा उपटून घेतला. वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे त्यांनी चार दिवस रंगवले. इंजिनाला दोन महिने लागले. मग त्यावर झाकण आलं आणि इंजिन दिसेनासं झालं.

"अहो, जे दिसणारच नाही ते रंगवता कशाला?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"मला ठाऊक असतं ना," त्रिंबकराव म्हणाले.

हे उत्तर ऐकून कृष्णाबाई गप्प बसल्या. बायका अशा वेळी गप्प बसतात त्याचा अर्थ पटलं असा नसतो, हे तुम्हाला पुढे कळेल.

आता पंखांची गोष्ट ऐका. या विमानाचे पंख मिटायचे. जहाजाच्या पोटात जागा थोडी, विमानं फार, म्हणून विमान उतरलं की पंख मिटून आत ढकलायचं. माहितीपत्रकात दोन्ही चित्रं होती, मिटलेले पंख आणि पसरलेले पंख. काय हवं ते आधी ठरवा, एकदा चिकटवलं की बदलता येणार नाही, असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

"मिटलेलेच चिकटवा," कृष्णाबाई म्हणाल्या. "आपलं दार बघा केवढं आहे."

"मिटलेल्या पंखांना कोण शाबासकी देतं?" त्रिंबकराव म्हणाले आणि त्यांनी पंख ऐटीत पसरून पक्के केले.

व्हायचं तेच झालं. प्रदर्शनाच्या सकाळी विमान दारातून जाईना. सरळ नेलं, तिरकं नेलं, शेपटीकडून नेलं. पंख दोन्ही बाजूंना अडकायचे. एकतीस वर्षं आवक आणि जावक सांभाळलेल्या गृहस्थाने जावक मोजलीच नव्हती!

"एक पंख काढा हळूच, तिथे जाऊन परत लावा," कृष्णाबाई म्हणाल्या.

"सांधा दिसेल," त्रिंबकराव म्हणाले. "घर काय, परत खणता येतं."

आणि त्यांनी पंजांनी दार पाडलं. नुसतं दार नाही, पुढची भिंत पाडली. वरची माती कृष्णाबाईंच्या चुलीत पडली. विमान मात्र ओरखडा न पडता बाहेर आलं. कृष्णाबाई मातीत उभ्या राहून बघत राहिल्या. त्यांना रडू येत होतं, पण त्रिंबकरावांना ते दिसलं नाही, कारण ते विमानाच्या शेपटीवरची धूळ फुंकत होते.

परीक्षक एक घुबड होतं. त्याने खरं विमान कधी पाहिलं नव्हतं, पण विमानांवरची एकोणीस पुस्तकं पाहिली होती. प्रदर्शन दिवसा होतं आणि घुबडाला दिवसा धड दिसत नाही. पण भिंग मोठं होतं.

घुबडाने विमान तासभर निरखलं आणि मान गर्रकन फिरवली. "निळा रंग अर्धी छटा जास्त गडद आहे."

पहिला नंबर कासवाला मिळाला. कासवाने खोकंच उघडलं नव्हतं. त्याच्याकडे अशी ऐंशी खोकी होती. आयुष्य मोठं, घाई कसली? "एकही तुकडा चुकीचा बसलेला नाही, रंगात दोष नाही," असं घुबडाने जाहीर केलं आणि कासवाची पाठ थोपटली. कासवाला ते कळलंही नाही.

दुपार कलली. सगळे घरी गेले. त्रिंबकराव विमानाशेजारी एकटेच बसून राहिले.

तेवढ्यात एक म्हातारा करकोचा काठी टेकत आला. त्याला उडता येत नव्हतं, दिसतही नव्हतं. तो सकाळीच निघाला होता, पण चालत यायला वेळ लागला.

"विमान इथेच आहे ना रे?" त्याने विचारलं. "मी होतो त्या जहाजावर. जरा हात लावू का?"

"हळू लावा, आजोबा. रंग नाजूक आहे."

करकोच्याने चोच पंखावरून फिरवली आणि तो सांध्यापाशी थांबला. "इथे खटका होता. पंख उघडायचे, खटका बसवायचा, हे माझं काम. जहाज हलत असायचं. सकाळी बारा विमानांचे पंख उघडायचो. संध्याकाळी कधी नऊ मिटायचो, कधी सात. हे एक राहिलं होतं बघ उघडं. आलं परत."

"आजोबा, निळा नेमका कसा होता हो?" त्रिंबकरावांनी घाईघाईने विचारलं.

"कसला निळा? मीठ, तेल, धूर. प्रत्येकाचा वेगळा."

"पुस्तकात तसं नाही," त्रिंबकराव म्हणाले आणि चोच लागली तिथला रंग गेला की काय ते बघायला खाली वाकले.

तेव्हा म्हाताऱ्याने आपला पंख उचलला आणि त्यांच्या पाठीवर ठेवला. काटे रुतले, पण त्याने पंख काढला नाही. "शाबास, बाळा," तो म्हणाला. दोनदा थोपटलं आणि तो आल्या वाटेने निघून गेला.

त्रिंबकराव सांध्यावरून बोट फिरवत होते. तिथे केसभर रंग उडाला होता.

ते घरी आले. विमान आत न्यायला आता काही अडचण आली नाही, दारच नव्हतं.

"काय झालं?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"काय व्हायचंय? एवढं केलं, पण एकानेही पाठ थोपटली नाही."

कृष्णाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मग तुमच्या काट्यांत हे पांढरं पीस कुणाचं अडकलंय? रक्तही लागलंय त्याला."

"वाऱ्याने आलं असेल," त्रिंबकराव म्हणाले आणि निळ्या रंगाची बाटली उघडून बसले.

तात्पर्य : खोकं कधीही उघडू नये. उघडलंच, तर ज्याने खरं विमान पाहिलं आहे त्याला जवळ येऊ देऊ नये. त्याच्या शाबासकीला गुण नसतात, आणि रंग मात्र जातो.