चौदा वर्षांखालील अर्जदार

रविवारी सकाळी नात धावणार होती आणि मी तिला मैदानावर नेणार होतो. घटना एवढीच. तिच्या आईबापांना सुट्टी नव्हती, म्हणून न्यायची जबाबदारी माझ्याकडे आली. अर्ज भरायचं कामही माझ्याकडेच आलं, कारण मी तेहतीस वर्षं अर्ज तपासणी विभागात काढली आहेत. रकान्याबाहेर गेलेली वेलांटी पाहून मी माणसं परत पाठवली आहेत. माझ्या हातच्या अर्जात चूक निघेल असं घरात कुणालाही वाटलं नाही. मला तर नाहीच नाही.

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. वय तेरा. गेले आठ महिने ती पहाटे उठून पळत होती, कारण सहाशे मीटरमध्ये जी पहिली येईल तिला महिनाभराच्या प्रशिक्षण शिबिरात घेणार होते. "आबा, दुसरा नंबर म्हणजे घरी," हे ती दात घासतानासुद्धा सांगायची. तोंडात फेस असल्यामुळे ते जास्तच गंभीर वाटायचं.

मैदानाच्या तोंडाशी टेबल टाकून नोंदणी कारकून बसले होते. त्यांनी यादीवर पट्टी सरकवली आणि नाव पुकारलं. माझं.

"मी सोबत आलोय," मी म्हणालो. "धावणार ही."

"अर्जदाराचे नाव, इथे कोण आहे?"

"मी. अर्ज मी केला, म्हणजे अर्जदार मीच ना?"

"आणि सोबत येणाऱ्याचे नाव?"

"ही. माझ्यासोबत हीच येणार होती."

"मग बरोबर आहे की!" कारकुनांना माझं कौतुक वाटलं. "अर्जदार म्हणजे स्पर्धक. सोबत येणारा म्हणजे पालक. तुम्ही धावायचं, ताईंनी कुंपणाबाहेर थांबायचं." आणि त्यांनी माझ्या छातीवर एकशे चौदा नंबर टाचला. पिन जरा आतपर्यंत गेली.

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी टाळतो.

"अहो, मी एकाहत्तर वर्षांचा आहे. गट चौदा वर्षांखालचा आहे!"

कारकुनांनी मान वर करून माझ्या पांढऱ्या मिशीकडे पाहिलं आणि कंटाळून पुन्हा खाली घातली. "आजोबा, मिशी बघून आम्ही वय ठरवत नाही. मागच्या वर्षी एका स्पर्धकासाठी टाळ्या वाजवायला त्याची मुलं आली होती. कुणी काही बोललं का?"

"पण ही शर्यत मुलींची आहे!"

"यादीत लिहिलंय 'मु.' मुलीला मु., मुलग्यालाही मु."

"आणि पत्त्यात मु. म्हणजे मुक्काम," मी खवचटपणे म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं.

दुरुस्तीची सोय मात्र होती. पालकाने अर्ज करायचा. भिंगरीने तिथेच टेबलावर वाकून अर्ज लिहिला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, मी तपासला.

"पालकाचं वय?" कारकुनांनी विचारलं.

"तेरा," भिंगरी म्हणाली.

"म्हणजे पालक अज्ञान आहे. पालकाच्या पालकाची सही लागेल."

"ती मी करतो," मी पेन काढलं.

"तुम्ही कशी करणार? तुम्ही स्पर्धक. स्पर्धक चौदा वर्षांखालचा असतो. लहान मुलाच्या सहीला काय अर्थ आहे?"

खरं सांगतो, मला राग आला नाही. मी भारावलो. तेहतीस वर्षांच्या नोकरीत इतका घट्ट गोल मला एकदाही जमला नव्हता.

वयाबद्दल शंका असल्यास डॉक्टरांचा दाखला चालतो, असं कळलं. डॉक्टर शेजारच्या तंबूत होते. सकाळपासून दोनशे पोरं तपासल्यामुळे त्यांनी वर बघायचं सोडून दिलं होतं.

"आ करा. दात पडलेत?"

"पडलेत. अकरा."

"या वयात पडतातच. येतील. उंची वाढतेय?"

"कमी होतेय."

"वाढ अपूर्ण," म्हणत त्यांनी लिहिलं. "घरच्यांचं ऐकतोस का?"

"ऐकावंच लागतं."

"शहाणा आहेस." त्यांनी शिक्का मारला आणि हातावर संत्र्याची गोळी ठेवली.

मी टेबलाकडे परत गेलो. "मग मी धावतच नाही."

"हरकत नाही. फक्त पालकावर तीन वर्षांची मैदानबंदी येईल. नियम सात."

"पालकावर का?"

"मुलं आयत्या वेळी कच खातात ती घरच्या वळणामुळे."

भिंगरीचा चेहरा उतरला. तीन वर्षांनी ती सोळाची होणार, आणि चौदा वर्षांखाली माझ्यासारखी माणसं धावत राहणार. ती क्षणभर पिनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आबा, तो नियमांचा कागद द्या बरं इकडे."

तिने तो कुंपणाला टेकून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्या दिवशी त्या मैदानावर तो कागद वाचणारी ती एकटीच.

"नाडी घट्ट बांधा," ती म्हणाली. "दहा पावलं पळा आणि खाली बसा. पुढचं मी बघते."

मी अकरा मुलींच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. शेजारच्या मुलीने आदराने विचारलं, "तुम्ही कुठल्या शाळेचे?"

"बंद पडली," मी म्हणालो.

शिट्टी झाली. मी सातव्या पावलालाच बसलो. ठरल्यापेक्षा तीन पावलं आधी, पण ते माझ्या हातात नव्हतं. कुंपणापलीकडून आईबापांचा कल्लोळ चालू होता. एक जाडजूड वडील मुलीच्या बरोबरीने कुंपणाबाहेरून धावत होते आणि ओरडत होते, "हात हलव! मान खाली! घरी चल, मग बघतो!" इतक्यात भिंगरीने कुंपण ओलांडलं, माझ्या छातीवरचा नंबर शर्टाच्या दोन धाग्यांसह उपटला, दातांत पिन धरून तो स्वतःच्या छातीवर लावला आणि सुटली.

बाकीच्या मुली तोवर पन्नास मीटर पुढे गेल्या होत्या. मी मातीत बसून बघत होतो. वळणावर तिने तिघींना गाठलं, मग आणखी पाच जणींना. शेवटच्या सरळ पट्ट्यावर पुढे फक्त एक वेणी उरली होती. आयुष्यभर मला नको तिथे विनोद सुचत आले आहेत. तेव्हा एकही सुचला नाही. ती वीतभराने पहिली आली.

"एकशे चौदा, प्रथम!" मुख्य पंचांनी जाहीर केलं.

जाडजूड वडील धापा टाकत आले. "अहो, निघताना म्हातारा होता, पोहोचली ती पोरगी!"

"आम्ही नंबर बघतो," पंच म्हणाले. "चेहरे बघितले की पक्षपात होतो."

"नियम बारा," भिंगरीने कागद पुढे केला. "क्रमांकाने अंतिम रेषा ओलांडणे आवश्यक. कुणी ओलांडायची ते लिहिलेलं नाही."

पंचांना आनंद झाला. नियम बारा आहे हे त्यांनाही नव्याने कळत होतं. त्याच आनंदात त्यांनी प्रमाणपत्र आणि शिबिराचं पत्र काढलं आणि दोन्ही माझ्या हातात ठेवलं. दोन्हींवर नाव माझं.

"पण धावले मी!" भिंगरी म्हणाली.

पंचांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, पालकांनी मुलांच्या यशाचं श्रेय घेऊ नये. आणि शिबिरात पालकांना फाटकाच्या आत प्रवेश नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो."

कुंपणापलीकडच्या सगळ्या आईबापांनी टाळ्या वाजवल्या. जाडजूड वडिलांनी सर्वांत जोरात.

निकालावर हरकत घ्यायला चोवीस तास होते आणि हरकतीला घरच्यांची साक्ष चालणार होती. परतीच्या बसमध्ये मी कुटुंबाच्या ग्रुपवर प्रमाणपत्राचा फोटो टाकला. खाली स्पष्ट लिहिलं: 'सर्वांनी नाव नीट वाचावे. आक्षेप असल्यास आजच कळवावा. भिंगरीच्या शिबिराचा प्रश्न आहे.' आमचा थांबा येण्याआधी त्रेचाळीस अंगठे आले. एका भाच्याने लिहिलं, 'आजोबांचंच रक्त!'

दुसऱ्या दिवशी क्रीडा कार्यालयात साहेबांनी माझा फोन हातात घेऊन सगळं शांतपणे पाहिलं.

"आक्षेप मागवले होते?"

"मागवले होते."

"किती आले?"

मी फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"त्रेचाळीस जणांनी मान्यता दिलेली आहे," साहेब म्हणाले. "घरच्यांनाच हरकत नाही, तर आम्ही बाहेरच्यांनी मध्ये पडणं बरं दिसत नाही. निकाल कायम."

भिंगरी जिन्यात फोन बघत बसली. बराच वेळ अंगठे मोजत होती. "आबा, यात आईचा पण आहे," ती म्हणाली. "आणि बाबांचे दोन." मग तिने फोन माझ्या खिशात ठेवला, उठली आणि म्हणाली, "चला. उद्यापासून पहाटे तुमचा सराव घ्यायला हवा. शिबिरातून पळून आलात तर बंदी माझ्यावर."

येत्या सोमवारी मी शिबिरात दाखल होतोय. ती फाटकापर्यंत सोडायला येणार आहे.

एके काळी ज्याला वाचता येत नसे तो अंगठा द्यायचा, आणि देताना निदान ओशाळायचा. आता तुमच्याआमच्यासारखी शिकलेली माणसं देतात, चहाचा कप दुसऱ्या हातात धरून. त्रेचाळीसपैकी बेचाळीस अंगठ्यांचे धनी मी शोधून काढले, प्रत्येकाला फोन केला. सगळ्यांनी अभिनंदन केलं. एक नंबर मात्र माझ्याकडे नोंदलेला नाही, कुणाचा ते कळत नाही. जरा तुमच्या फोनमध्ये वर सरकवून बघता का?