नळाचं म्हणणं

सासूबाई गेल्या आणि स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का, एवढ्या प्रश्नापायी एका बस ड्रायव्हरची नोकरी जायची वेळ आली होती.

नळाच्या भिंतीला घरातल्याच पलीकडच्या खोलीतून ड्रायव्हरची उशी लागलेली. माणूस पहाटेच्या बसवर, आणि रात्रभर कानाशी टप्प. मग जरा शांतता, मग पुन्हा टप्प. थेंबाचं एक वेळ चालेल हो, पण ती मधली शांतता जीव घेते. परवा सिग्नल हिरवा झाला तरी बस हलेना. प्रवाशांनी पुढे येऊन पाहिलं, तर हे महाशय स्टिअरिंगवर डोकं ठेवून घोरत होते. डेपोच्या साहेबांनी बोलावून घेतलं. "पुन्हा असं झालं तर बसची किल्ली इथं ठेवायची आणि घरी जाऊन कायमचं झोपायचं," ते म्हणाले.

आता नळ दुरुस्त करणं म्हणजे काही डोंगर उचलणं नव्हे. त्यात धाकटा मेहुणा प्लंबर. पण बायकोची ठाम समजूत अशी, की नळातून आई बोलते. दवाखान्यात आई शेवटचं म्हणाली ते "पाणी दे गं." ही नर्सला विचारायला गेली, परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून आई आपल्याला पाण्यावरून बोल लावते आहे, असं ती धरून बसली होती. ड्रायव्हरने नळाला फडकं बांधून पाहिलं. "आईच्या तोंडात बोळा कोंबता?" म्हणून तिने ते सोडलं. त्याने खालचा कॉक बंद केला, तिने स्वयंपाक बंद केला.

मेहुणा पाना घेऊन आला होता एकदा. पण कामाआधी तोंड चालवायची त्याची खोड. "ताई, आईला राहायला एवढंसं वॉशरच सापडलं का?" म्हणाला. झालं, बहीण-भावाचा अबोला. बाहेरचा प्लंबर बोलवावा तर न बोलता दोघांचं एकमत, की घरचा प्लंबर असताना बाहेरचा कशाला? ड्रायव्हरला रडावंसं वाटे, पण झोपेअभावी तेही नीट जमत नव्हतं.

शेवटी त्याला डेपोतलं शिबिर आठवलं. ड्रायव्हर-कंडक्टरांनी प्रवाशांशी भांडू नये म्हणून एका बाईंनी शिकवलं होतं, की आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. इतकं नीट, की त्याने मान डोलवली पाहिजे. मगच आपलं बोलायचं. बसमध्ये कुणी हे करून पाहिलेलं नव्हतं. ड्रायव्हरने सुट्टीच्या सकाळी दोघांना नळासमोर खुर्च्या टाकून बसवलं.

"आधी तू," तो मेहुण्याला म्हणाला. "ताईचं म्हणणं सांग. टिंगल नको."

"तिचं म्हणणं, नळात आई आहे."

"असं नाही म्हणणं माझं," बायको म्हणाली. "नीट सांग."

मेहुण्याने घसा खाकरला. "तिचं म्हणणं, आईचं काहीतरी बोलायचं राहिलंय. ज्याच्याशी बोलायचं राहिलं त्याला ती हाक मारते." तो नळाकडे बघायला लागला. "माझं आणि आईचं वर्षभर बोलणं नव्हतं, भाऊजी. दवाखान्यात आलो तो दारातूनच परत गेलो. म्हटलं, उद्या बोलू."

टप्प, नळ म्हणाला. बायकोने हळूच मान डोलवली.

"आता तू," ड्रायव्हर घाईघाईने म्हणाला. त्याला दुपारी तासभर तरी झोप दिसू लागली होती.

"याचं म्हणणं," बायको म्हणाली, "वॉशर रबराचं असतं. रबर झिजतं. झिजलं की पाणी गळतं. कुणाच्या घरात कोण गेलं, हे रबराला कळत नाही." ती थांबली. "म्हणजे आई माझ्यावर रागावलेली नाही?"

"वॉशर कशाला रागावेल?" ड्रायव्हर म्हणाला.

तिने डोळ्यांना पदर लावला, पोटभर रडली, आणि मोकळी होऊन उठली. "बदल रे ते वॉशर. आत्ताच्या आत्ता बदल."

मेहुणा जागचा हलला नाही. पाना मांडीवर घेऊन तो नळाकडे एकटक बघत होता.

"नाही जमणार ताई. इतक्या दिवसांनी बोलतेय माझ्याशी. मी तिला गप्प करू?"

"अरे, रबर झिजलंय."

"तुला काय कळतं रबरातलं?"

ड्रायव्हरने कपाळाला हात लावला. इतकी वर्षं बस चालवून त्याने एवढी सरळ गाडी खड्ड्यात जाताना पाहिली नव्हती. उद्या पहाटे पहिली बस त्याची होती. त्याने मेहुण्याच्या मांडीवरचा पाना उचलला.

"भाऊजी, आधी माझं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगा," मेहुणा म्हणाला. "नियम तुमचाच आहे."

ड्रायव्हर काही बोलणार नव्हता. या पद्धतीने काय होतं ते त्याने नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं. तो तडक नळापाशी गेला, पाना लावला. बायको सुटकेने बघत होती, मेहुण्याने तोंड फिरवलं होतं. आणि ड्रायव्हरच्या तोंडून, कसं कोण जाणे, अगदी अदबीने निघून गेलं, "सासूबाई, जरा हात लावतो हं."

त्याचा हात तिथेच थांबला. परवानगी मागितल्यावर उत्तराची वाट बघणं आलंच. तिघांनीही नळाकडे कान लावले.

टप्प.

"हो म्हणाली," बायको म्हणाली.

"नाही म्हणाली," मेहुणा म्हणाला.

ड्रायव्हरने पाना खाली ठेवला आणि आणखी एक खुर्ची ओढून घेतली.