झोळीचं चौथं टोक

दस्तगीर मास्तरांची आणि माझी ओळख झाली तेव्हा मी आडवा होतो.

गडहिंग्लज सोडून कोल्हापुरात येऊन मला तीनेक वर्षं झाली होती. इकडेतिकडे शिकवण्या करून शेवटी एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून लागलो, त्याचा तो पहिलाच दिवस. मधल्या सुट्टीत मैदान ओलांडत होतो. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे आणि डोक्याला फेटा असा एक उंच, वाळका गृहस्थ वाटेत उभा राहिला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं,

"पावणं, वजन किती?"

"का हो?"

"दीड मण असंल. तयार?"

कशाला तयार, हे विचारण्याआधीच चार पोरांनी मला एका घोंगड्यावर निजवलं. घोंगड्याच्या दोन्ही कडांत काठ्या ओवलेल्या होत्या. चार टोकं चौघांनी धरली आणि माझी वरात मैदानाला फेरी घालायला निघाली. खिडक्यांतून अख्खी शाळा बघत होती. नव्या मास्तराचा दरारा बसायला सहा महिने लागतात. माझा पहिल्याच दिवशी झोळीतून गेला.

फेरी संपल्यावर त्या गृहस्थानं मला हात देऊन उठवलं. "हिंदकळलं का?" त्यानं फार काळजीनं विचारलं. मी नाही म्हटलं. त्याचा चेहरा खुलला. "मग झालं की!" म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या शोधात गेला.

हे आमचे ड्रिलमास्तर, दस्तगीर शिकलगार. यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या तलवारींना धार लावायचं काम. महाराजांच्या कारकिर्दीत गावोगावची पोरं शिकायला कोल्हापुरात येऊन राहू लागली, शाळा वाढल्या, तसे हेही धारेचं चाक सोडून कवायतीकडे आले. बालवीरांचं खूळ तेव्हा आपल्याकडे नवीनच होतं. आमच्या शाळेचं पथक मास्तरांनी स्वतः उभं केलं होतं, तेही पगाराबाहेरचं काम म्हणून, शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी. पहिल्या सालात पस्तीस पोरं होती.

दुसऱ्या शाळांचे बालवीर गाठी मारायचे, झेंड्यांनी निरोप धाडायचे, रानात भात शिजवायचे. आमचे बालवीर माणसं उचलायचे. बस. मास्तरांना दुसरं काही सुचतच नसे. गवळी उचलला, पोस्टमन थैलीसकट उचलला, एकदा तर भांडायला आलेला पालक भांडता भांडता उचलला. तो पालक विचारायला आला होता, की आपल्या मुलाच्या झोळीला कुणाकुणाचे हात लागले आणि ते कुठल्या जातीचे होते. मास्तर म्हणाले, "तुमचं पोरगं बेशुद्ध हुतं वो. पेशंट बेशुद्ध असला की त्येला इचारत न्हाय आमी." पोरगं धडधाकट होतं, बेशुद्धीचा फक्त सराव होता. पण बापानं दुसऱ्या दिवशी त्याचं नाव पथकातून काढलं.

आणखी एक वेड होतं. कवायतीच्या तासाला हाच माणूस पावलाला पाऊल मिळालं नाही तर पोरांवर गरजायचा. पण हातात झोळी आली की उलटं. "पाऊल मोडा!" म्हणून ओरडायचा. चौघांनी एका तालात पाय टाकला की झोळी झोके घेते आणि आतल्या माणसाला त्रास होतो, म्हणून प्रत्येकानं वेगळ्या वेळी पाय टाकायचा. खरं आहे ते. मी स्वतः आडवा होऊन पाहिलंय. पण वरून एक साहेब पथकं तपासायला आला, तेव्हा त्याला हे कोण सांगणार? आमची पोरं झोळ्या घेऊन त्याच्यासमोरून दारू प्यायल्यागत वेडीवाकडी चालत गेली. साहेबानं शेरा लिहिला, की या पथकाला साधं चालताही येत नाही. हेडमास्तरांनी तो शेरा मास्तरांच्या पुढ्यात टाकला. मास्तरांनी वाचला आणि एवढंच विचारलं, "पर पेशंट हिंदकळला का?"

मला या माणसानं पथकातला आपला दुय्यम कसं केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. "अण्णा," म्हणाले. आमच्याकडं कानडी मुलखाच्या कडेला थोरल्या भावाला अण्णा म्हणतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. वास्तविक ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. "अण्णा, शनवारी जरा या की. नुस्तं हुबं ऱ्हावा." मी उभा राहायला गेलो आणि वर्षभर अडकलो.

गंमत अशी, की मास्तर दर आठवड्याला माणसं नाहीत म्हणून रडायचे, आणि माणूस आला की त्याला काही करू द्यायचे नाहीत. मी गाठ मारली की सोडून पुन्हा मारायचे. मी पोरांच्या रांगा लावल्या की मोडून पुन्हा लावायचे. "ऱ्हाऊ द्या अण्णा, मी हाय की." हे वाक्य मी त्या वर्षात इतक्या वेळा ऐकलं, की झोपेतसुद्धा बडबडायचो, असं आमची मंडळी सांगते. माझ्याआधी संस्कृतचे शास्त्री आले होते, ते दोन शनिवारांत गेले. चित्रकलेचे मास्तर एका शनिवारात गेले. गावातल्या प्रतिष्ठितांची एक समितीही होती. ती चहा घ्यायची, मुलांचं चारित्र्य या विषयावर बोलायची आणि पाऊस येण्याआधी घरी जायची.

मास्तर मात्र झिजत चालले होते. सकाळी ड्रिल, दुपारी शाळेचं टपाल, संध्याकाळी गैरहजर पोरांच्या घरी खेपा. पोराला ताप आला तर औषध पोचवणार हे, बोर्डिंगात भांडण झालं तर मिटवायला जाणार हे. जेवणाचा पत्ता नसे. डोळे खोल गेले होते. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे आणि आपण काय सांगत होतो ते मलाच विचारायचे. पूर्वी हसून म्हणायचे ते "मी हाय की" आता दात-ओठ खाऊन म्हणू लागले. एका शनिवारी एका पोरानं झोळीचं टोक सोडलं, तर मास्तरांनी त्याच्या मुस्काटात मारली. आजवर त्यांनी कुणावर हात उचलला नव्हता. मग तिथंच मैदानात खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. पोरं हळूहळू घरी गेली. पुढच्या शनिवारी निम्मीच आली.

आणि मग हेडमास्तरांच्या आईचं प्रकरण झालं.

हेडमास्तरांचा पाय शाळेच्या पायरीवरून मुरगळला. मास्तरांना एवढा खराखुरा पेशंट जन्मात मिळाला नव्हता. टांगा आणायला शिपाई गेलेला असताना यांनी हेडमास्तरांना झोळीत घातलं, ऊन लागू नये म्हणून वरून पांढरं धोतर पांघरलं आणि चौघे बालवीर भर दुपारी पेठेतून निघाले. पुढं मास्तर, लोकांना बाजूला सारत. हेडमास्तरांची म्हातारी आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली तर दोन बांबू, चौघेजण आणि पांढऱ्या कापडाखाली मुलाचा देह. म्हातारीनं हंबरडा फोडला आणि ती ओट्यावरून खाली कोसळली. हेडमास्तर धोतरातून उठून बसले, त्याबरोबर समोरची शेजारीणही पडली.

दोघींना मास्तरांनी उचलूनच आत नेलं, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. झोळीचे प्रयोग बंद. आणि महिनाअखेरीला पथकावर दोन जबाबदार मोठी माणसं नसली, तर पथकही बंद. दोन म्हणजे मास्तर आणि मी.

आणि मी तर सोडायचं ठरवून बसलो होतो. खोटं कशाला सांगू, मी विटलो होतो. वर्षभरात एक रविवार घरी मिळाला नव्हता. कुणी आभार मानत नव्हतं, पोरं गळत होती आणि मास्तरांशेजारी मला कवडीचं काम नव्हतं. चिठ्ठीत 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं, गळ्यातला बालवीरांचा रुमाल घडी करून खिशात घातला आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रंकाळ्याकाठच्या मोकळ्या जागेत गेलो. शाळेच्या मैदानावर झोळीला बंदी आल्यापासून मास्तर तिथं सराव घ्यायचे.

ते एकटेच दगडावर बसले होते. पोरं अजून यायची होती. मी रुमाल आणि चिठ्ठी पुढं केली. त्यांनी चिठ्ठी उघडली नाही.

"जातायसा व्हय?"

"हो, मास्तर. होत नाही आता. आणि तुम्हालाही होत नाही, आरशात बघा एकदा. कशासाठी चाललंय हे सगळं? पोरांना दुसरं काहीतरी शिकवा, पोरं टिकतील. नुसतं उचलून उचलून काय मिळणार आहे?"

मला वाटलं, चिडतील. पण ते पाण्याकडं तोंड करून बोलू लागले.

"मानमोडीच्या साथीत आमच्या घरातनं गेली," ते म्हणाले. बायको वारल्याचं मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं. "मोहल्ल्यात घरटी एक माणूस आडवं. माती द्यायची तर चार खांदं लागत्यात. मी, मेव्हणा आन म्हातारा भिस्ती, तिघंच गावलो. चौथा न्हाय. मग म्हटलं पल्याडच्या गल्लीत बघावं. ती हो, वडाच्या पाराम्हागची. दुपारच्याला गेलतो. एकेक कडी वाजीवली. फकस्त एक माणूस द्या म्हटलं, वो. एक दार उघडलं न्हाय."

"मग?"

"मग काय. म्होरं ती दोघं, मागं मी एकटा. दोन हातांत दोन टोकं. खांद्यावर घेता येईना, वाकडं हुतंय. ठेचकाळत नेली." त्यांनी माझ्या रुमालाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "लई हिंदकळली वो ती, अण्णा. जिती असताना एक शबूद मोठा बोललो नव्हतो तिला. आन जाताना लई हिंदकळली."

वडाच्या पाराच्या मागची गल्ली. साथीच्या वेळी मी तिथंच भाड्यानं राहत होतो.

ती दुपार मला आठवते. कडी वाजली होती. बाहेर एक पुरुष "एक माणूस, फकस्त एक" असं काहीतरी म्हणत होता. बायकोनं मला हातानं खूण केली, जाऊ नका. मी आजारी नव्हतो. माझ्या घरात कुणीच आजारी नव्हतं. मी दाराला पाठ लावून, श्वास रोखून बसलो होतो, आणि पावलं पुढच्या दाराकडं गेल्यावर मला बरं वाटलं होतं. आमच्यामधे एक फळी तेवढी होती.

हे मी मास्तरांना तेव्हा सांगितलं नाही. नंतरही कधी सांगितलं नाही. माझी लाज वाटते मला, आज हे लिहितानासुद्धा.

तेवढ्यात पोरं आली. पस्तिसातली तीन. तिघंही लहानखुरी, माझ्या छातीला लागतील एवढी. त्यांनी सवयीनं काठ्या घोंगड्यात ओवल्या, तीन टोकांना तिघं उभी राहिली आणि चौथ्या टोकाकडं बघत राहिली. मास्तर दगडावरून उठायला लागले. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "मी हाय—" आणि उठता उठता गुडघ्यावर हात टेकून तसेच थांबले. त्यांच्याच्यानं उठवेना.

मी जाऊन चौथं टोक धरलं.

"मास्तर, चौघे झालो," मी म्हटलं. "पेशंट नाही."

मास्तरांनी आजवर गावातलं कोण झोळीत घातलं नाही? पण स्वतः ते कधी आडवे झाले नव्हते. पोरांनी कितीदा गळ घातली होती. त्यांनी आमच्याकडं एकदा बघितलं, एकदा घोंगड्याकडं. मग फेटा काढून उशाला घेतला आणि निजले. माझी चिठ्ठी आणि रुमाल त्यांच्या मुठीतच होता.

आम्ही उचललं. मी उंच आणि पोरं बुटकी, त्यामुळं माझ्याकडची बाजू वर गेली आणि मास्तर घसरू लागले.

"अण्णा, वाका की जरा!" झोळीतून आवाज आला. "आन पाऊल मोडा! समदी एका टायमाला टाकू नगा! अण्णा, तुमी उशिरा टाका!"

मी वाकलो. कमरेत उसण भरली तरी वाकूनच चाललो, आणि पाऊल सगळ्यांच्या मागून टाकत गेलो. निम्म्या वाटेत झोळीतला आवाज बारीक झाला, मग बंद झाला. पुढच्या पोरानं मान वळवून बघितलं आणि कुजबुजला, "मास्तर झोपलं की वो. खाली ठेवायचं?"

"नको," मी म्हणालो. "हिंदकळू देऊ नका. अजून एक फेरी घेऊ."