मामांची पट्टी आखूड

हितेशने धाकट्या बहिणीच्या हळदीला चार्ट लावायचं ठरवलं, तेव्हा त्याची बायको सुकन्या एवढंच म्हणाली, "लावा हो. फक्त नंतर मला काही विचारू नका." हे वाक्य ऐकून कुठलाही शहाणा नवरा जागच्या जागी थांबला असता. (शहाणा म्हटलंय, हे लक्षात घ्या.) पण हितेश पडला पूर्णा गावातल्या गोडाऊनचा डिस्पॅच सुपरवायझर. तिथे त्याने मालाचा रंगीत चार्ट भिंतीवर चिकटवला आणि मोठ्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली. तेव्हापासून गड्याचे पाय जमिनीवर नव्हते.

तसं त्याचंही अगदीच चुकत नव्हतं. त्याच्या स्वतःच्या हळदीला शेवटच्या पंगतीला मटण संपलं होतं. अजूनही वडप्याच्या नाक्यावरच्या टपरीवर तो चहाला थांबला की कोणीतरी विचारतंच, "काय हितेश, आज तरी पुरेल ना?" क्षितिजाने तर त्याला दमच दिला होता, "दादा, माझ्या हळदीला जेवण कमी पडलं ना, तर मी अंगावरच्या हळदीसकट मांडवातून उठून जाईन!"

म्हणून त्याने वडिलांना, केसरीनाथांना, सरळ विचारलं, "बाबा, हळदीला माणसं किती?"

"आपली समदी."

"समदी म्हणजे किती?"

"आता माणसा काय मोजाची? येतील ती आपली."

झालं! हितेशने कपाळाला हात लावला आणि तडक मुबश्शिरचं फ्लेक्सचं दुकान गाठलं. साधी आकृती होती. खाली प्रत्येक घराचं नाव, वर कापडाची उभी पट्टी. जेवढी माणसं जास्त, तेवढी पट्टी लांब. आकडा बदलला की पट्टी बदलायची. कापडाला काय तोटा, मुबश्शिरच्या भावाच्या लूमवर केशरी तुकडे पडूनच होते.

मुबश्शिरने आकृती उलटीसुलटी करून पाहिली. "भाई, फोटो किधर है? बिना फोटो का बॅनर कौन देखेगा?"

"अरे, हा बॅनर नाही. माहिती आहे."

"माहिती भी चेहरा देख के ही पढते हैं लोग," असं म्हणून त्याने प्रत्येक नावावर फोटो टाकला, सोनेरी किनार दिली आणि शुभेच्छुकांच्या बॅनरवर असते तशी कमळांची रांग खाली फुकटात जोडली.

हितेशने तो फ्लेक्स अंगणात लावला आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. चहा संपायच्या आत कशेळीहून तुळशीराममामांचा फोन आला.

"हितेश, पार्वतीची पट्टी माज्यापेक्षा लांब? मी नवरीचा सख्खा मामा हाय का रस्त्यावरचा?"

"मामा, तो मान नाही, माणसांचा आकडा आहे. तुम्हीच कमी माणसं सांगितलीत."

"मंग आता जास्ती सांगतंय. वाढव!"

हितेशने वाढवली. लगेच पार्वतीआत्याचा फोन. "तुळशीराम माज्या डोक्यावर कसा गेला रं? माज्याकरची आजून लिव. माजे दीर हायेत, दिरांचे साडू हायेत..."

मग काय विचारता! दोन्ही पट्ट्यांनी जी चढाओढ लावली, ती फ्लेक्स सोडून मांडवाच्या खांबाला लागली. गावकीची पट्टी बिचारी खालीच राहिली, म्हणून गावकीही रुसली आणि तिलाही कापड जोडावं लागलं. दर वेळी हितेश इमानदारीने खाटकाला फोन करत होता.

"अहो, ही माणसं जेवायला नाही, पट्टीला वाढतायत," सुकन्या म्हणाली.

"डेटा कधी खोटं बोलत नाही, सुकन्या."

"डेटा नसेल बोलत. तुमचे मामा बोलतात."

हळदीच्या दिवशी मटण पाहून केसरीनाथांना घाम फुटला. "आरं, येवरा उरला तं काय तुज्या गोडाऊनमदी ठेवशील?" पण हितेश पडला सुपरवायझर, तो घाबरल्याचं दाखवतो होय? त्याने गोडाऊनच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक पातेल्यावर नाव चिकटवलं, मामांचं पातेलं, आत्याचं, गावकीचं, आणि दामू आचाऱ्याला सगळ्यांदेखत ठणकावलं, "ज्याचं त्याचं पातेलं. चार्टात नाही, त्याला एक वाटीसुद्धा नाही. मी जरी सांगितलं तरी नाही!"

आणि संध्याकाळी माणसं आली. अहो, आली म्हणजे काय, लोटली! आकडा दिला होता ना, तो भरून दाखवणं आता अब्रूचा प्रश्न होता. आत्याच्या दिरांचे साडू आले, साडवांचे भाडेकरू आले. मामांच्या टेम्पोतून गोडाऊनचे वॉचमन उतरले, आणि तरीही माणसं कमी पडली म्हणून मामांनी कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये शेजारी अडकलेला एक ट्रकवालाही सोबत आणला होता.

"नवरी कोण, माहिती आहे का?" हितेशने त्याला विचारलं.

"नहीं भैया. उन्होंने बोला, खाना है."

पण पुरलं! शेवटच्या पंगतीपर्यंत मटण पुरलं, तांदळाच्या भाकऱ्या पुरल्या, आणि पातेली अशी चाटूनपुसून रिकामी झाली की नवी वाटावीत. क्षितिजा हळदीने माखलेल्या तोंडाने हसली. "दादा, मानलं तुला!" हितेशची छाती शर्टात मावेना. सकाळपासून पोटात कण नव्हता, तो आता ताट घेऊन दामूपुढे उभा राहिला.

"वाढ रे."

"कुटलं पातेलं?" दामूने विचारलं.

"घरचं."

दामूने फ्लेक्सकडे पाहिलं, खालपासून मांडवाच्या छतापर्यंत. "घरची पट्टीच न्हाय, शेट. चार्टात न्हाय त्याला वाटी न्हाय, तुमीच बोललाव."

हितेशने पाहिलं. खरंच नव्हती! सगळ्या नात्यागोत्याला मोजलं आणि स्वतःचं घर मोजायचंच राहिलं. तो धावत सुकन्येकडे गेला. "अगं, आपण सगळे उपाशी!"

"आपण कोण?" तिने तोंड पुसत विचारलं. "मी मघाशीच आत्यांच्या पट्टीत बसले. क्षितिजाला मीच भरवलं. बाबा मामांच्या पट्टीत जेवले. दोनदा."

हितेश रिकामं ताट घेऊन मांडवात फिरू लागला. कोपऱ्यात तो ट्रकवाला शेवटची भाकरी रश्शात कुस्करत होता. त्याने हितेशकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि सरकून शेजारी जागा केली.

"आओ भैया, शरमाओ मत," अर्धी भाकरी पुढे करत तो हळूच म्हणाला. "तुमको भी ट्रॅफिक से उठाया क्या?"

हितेशने मान डोलावली आणि खाली बसला.