सोनवणेकाकांची नापास टोपली

आमच्या समोरच्या दारात राहणारे किसनराव सोनवणे पालेभाजी निवडताना व्हर्निअर वापरतात. व्हर्निअर म्हणजे कारखान्यात लोखंडी दांड्याची जाडी मोजायचं ते स्टीलचं हत्यार. त्याच्या जबड्यात तांदुळजाचा देठ धरायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, डोळे बारीक करून आकडा वाचायचा, आणि देठ तीन मिलिमीटरच्या वर गेला की डावीकडच्या टोपलीत टाकून द्यायचा. टाकताना तोंडानं एवढंच म्हणायचं, "पास नाय."

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांची चौतीस वर्षं माल तपासण्यात गेली. कंपनीतून ते निवृत्त झाले, तपासण्यातून झाले नाहीत. रोज संध्याकाळी पाचला जिन्यापाशी वर्तमानपत्र पसरून बसतात. उजवीकडे पातेलं, डावीकडे वेताची टोपली. पातेल्यात पास, टोपलीत नापास. पिवळं पान नापास, किड्यानं भोक पाडलेलं पान नापास, जाड देठ तर बघायलाच नको. वरच्या मजल्यावर जाणाऱ्यांना मान वर न करता सांगतात, "कडंनं जा, लाइन चालू हाय."

बाजारातही हेच. आठवडी बाजारात एकदा मी त्यांच्यासोबत होतो. एकाच जुडीवर दहा मिनिटं गेली, तेव्हा भाजीवाली म्हणाली, "काका, भाजी घेताव का सून बघताव?"

"सून बघाया एवढा टाइम लागत नाय," काका म्हणाले आणि जुडी उलटी करून तिची बुडं तपासू लागले.

एवढी तपासणी कशासाठी, तर गरगट्यासाठी. आमच्या मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. तांदुळजा, थोडा आंबट चुका, मूठभर डाळ, मूठभर शेंगदाणे. लसूण आणि लाल मिरची तेलात तांबूस करायची, भाजी त्यात घालून झाकण ठेवायचं आणि मंद आचेवर तिच्याच पाण्यात शिजू द्यायची. मग रवीनं घोटायची. ज्वारीच्या गरम भाकरीवर ही भाजी घेतली की माणूस काही वेळ बोलत नाही.

सातच्या सुमाराला काका माझ्या दारात उभे राहतात. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात वही, कानावर पेन्सिल. "जाधवसाहेब, रिपोर्ट द्या."

पहिल्यांदा आले तेव्हा मी एक घास खाऊन "छान झालीय" म्हणालो होतो. काका नाराज झाले. "असं नसतंय, साहेब. एका नगावर लॉट पास होत नसतो. पाच नग लागोपाठ बराबर आले, तर लॉट पास. आन् छान का ते मी इचारलंच नाय. तिच्यावानी झाली का, ते सांगा."

ती म्हणजे कौसाकाकू, त्यांची बायको. साथीच्या वर्षी दोघांनाही ताप आला. काकू गेल्या. काका घरी आले, पण त्यांच्या नाकाचा वास आणि जिभेची चव गेली ती आलीच नाही. त्यांना आता गूळ आणि खडू सारखाच. जिभेला कळते ती फक्त मिरचीची आग. बायकोची भाजी पुन्हा करायची त्यांनी मनाशी घेतलं आणि ती जमली की नाही हे कळायला स्वतःची जीभ उरली नाही. लेक हैदराबादेत, तिनं लहानपणापासून पालेभाजीला तोंड लावलेलं नाही. उरलो मी. बारा वर्षं शेजारी राहून काकूंच्या हातचं गरगटं मी आठवड्यातून दोनदा तरी खाल्लेलं होतं. म्हणून मी तपासनीस.

आता जे सांगायचं ते सांगतो. मी कमी बोलणारा माणूस आहे. औरंगपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना "आता दिसतंय का?" एवढं विचारतो आणि घरी येतो. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही.

काकूंच्या भाजीत काय होतं, ते मला पहिल्यापासून माहीत होतं.

काकू असतानाची एक दुपार. काका गॅसच्या सिलिंडरसाठी गेले होते आणि मी रिकामी वाटी परत द्यायला त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो. काकू खाली बसल्या होत्या. पुढ्यात काकांची नापास टोपली. तिच्यातले देठ काढून विळीवर बारीक चिरत होत्या. किडकी पानंही झटकून, धुऊन परातीत ठेवली होती.

"आता बघितलंच तर बसा," त्या म्हणाल्या. "आन् उठताना इसरून जावा."

"काकू, हे तर काकांनी नापास केलेलं."

"त्यांचं काय, ते मलाबी रोज नापास करतेत." त्या हसायला लागल्या. "सगळा जीव देठात असतोय, जाधव. आधी देठ लसणाच्या तेलात परतायचे, मग पाला. आन् किड्यानं खाल्लेलं पान गोडच असणार. किड्याला जीभ हाय, त्यांच्या त्या चिमट्याला नाय."

"आणि टोपली कुठं गेली म्हणून त्यांनी विचारलं तर?"

"गाईला घातली म्हणती. तीस वर्सं झाली." त्यांनी हसून हसून पाणावलेले डोळे पुसले. "ती गाय रोज डबा घेऊन कंपनीत जाती. त्यांना सांगू नका बरं."

मी शब्द दिला.

काकू गेल्यावर काका पहिली वाटी घेऊन आले. मी घास घेतला. भाजी मऊ होती, गुळगुळीत, निर्जीव. देठ नव्हते. तेव्हाच सांगायला हवं होतं. आधी छान म्हणालो, आणि ते चाललं नाही तेव्हा मी म्हणालो, "मिरची जरा कमी वाटते."

काकांनी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तीनच्या चार मिरच्या झाल्या. मग मी म्हणालो, लसूण वाढवा. मग पुन्हा मिरची. खरं सोडून काहीतरी सांगणं भाग होतं, आणि मला पालेभाजीतलं मिरचीपलीकडे काही सुचत नव्हतं. चारच्या सहा झाल्या, सहाच्या नऊ. काका एकेक मिरची व्हर्निअरनं मोजून घालत. रिपोर्ट देताना मी खिशात गुळाचा खडा ठेवू लागलो. डोळ्यांतून पाणी गळायचं, तर काका हळूच म्हणायचे, "आठवण आली ना तिची?" मी मान हलवायचो.

शब्द दिला होता म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं. माझी बायको वैजापूरकडं शाळेत शिकवते, शनिवारी येते. आठवड्याचे पाच दिवस सात वाजता माझ्या दाराची कडी वाजायची ती फक्त काकांच्या हातानं. भाजी पास झाली असती तर वाटी यायची थांबली असती. म्हणून मी एका म्हाताऱ्याला तीन वर्षं नापास करत राहिलो.

या उन्हाळ्यात एका सकाळी काका पोट धरून दारात बसलेले दिसले. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, पोटात जखम आहे म्हणाले, आणि विचारलं, "मिरची किती खाता?"

"अकरा," काका म्हणाले.

"किती दिवसांत?"

"एका भाजीत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मिरची बंद, असं दोनदा सांगितलं. परतीच्या रिक्षात काका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बंद कशी करणार, साहेब? तुमीच म्हणलाव ना परवा, अजून एकदीड मिरची पायजे म्हणून. लई जवळ आलोय आता."

मग मला राहवलं नाही. जालना रोडवरच्या त्या गोंगाटात मी सगळं सांगितलं. टोपली, विळी, देठ, गाय. मी खोटं का बोललो तेही सांगितलं. काका समोर रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत राहिले. घर आलं, उतरले, जिना चढले आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस जिन्यापाशी वर्तमानपत्र पसरलं नाही. वरच्या मजल्यावरचे लोक मधून चालत जायला लागले. सात वाजायचे आणि कडी वाजायची नाही. शब्दही मोडला आणि माणूसही गमावला, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पाचला काका खाली बसलेले दिसले. उजवीकडे पातेलं, डावीकडे टोपली, हातात व्हर्निअर. देठ मोजून डावीकडे पडत होते. मी कडेनं गेलो.

सातला कडी वाजली. या वेळी काकांच्या हातात दोन वाट्या होत्या. वही नव्हती. "एकच मिरची हाय," म्हणाले. आत आले, खुर्चीवर बसले आणि एक वाटी माझ्यापुढं सरकवली.

मी घास घेतला. आंबटसर, लसणाचा, आणि मधेच दाताखाली येणारा देठ. काकूंचं स्वयंपाकघर जिभेवर आलं. मी काकांकडे पाहिलं. ते डोळे मिटून अगदी हळू चावत होते.

"चव काय कळत नाय मला," ते म्हणाले. "पन ही कचकच वळखीची हाय. डब्यात रोज असायची. मी तिला म्हणायचो, शेंगदाणे अर्धेकच्चे ऱ्हायलेत तुझे. ती म्हणायची, व्हय, उद्या नीट शिजवती." त्यांनी अजून एक घास घेतला. "चौतीस वर्सं कंपनीतल्या एकानं मला फसवलं नाय, साहेब."

मी पुढचा घास घेतला.

"आमच्याकडं याला रिवर्क म्हणतेत. नापास माल बाजूला टाकायला कोनीबी टाकतं. त्यातलं चांगलं काढून पुन्हा मालात बसवायचं, हे लई कमी लोकांला जमतं." त्यांनी वाटी बोटानं पुसून घेतली. उठले. दाराशी जाऊन थांबले. पाठ माझ्याकडेच होती. "मंग, तिच्यावानी झाली म्हणा."

"झाली."

"म्हंजे आता उद्यापासून तुमाला तरास नाय."

त्यांनी कडीला हात घातला. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी मागून थांबवलं.

"काका, एका नगावर लॉट पास होत नसतो."

ते तसेच उभे राहिले. कानावर हात गेला, तिथं पेन्सिल नव्हती. ती शोधायला त्यांनी सगळे खिसे चाचपले, आणि त्यात बराच वेळ लावला.

"व्हय," ते शेवटी म्हणाले. "पाच तरी नग बघावं लागतेल."