हत्तीस कनात लागली आणि तळे सरले, त्याची हकीकत

श्रीजलदेवतेस दंडवत घालून लिहिणार लिहितो. वाचणारांनी अक्षरास हसू नये. शके १६६२ रौद्रनाम संवत्सरे, वैशाखमासी, एका राज्यात आक्रीत वर्तले ते ऐसे जे: राजधानीस तळे एकच, आणि तळ्याचे मध्यभागी दगडी हत्ती. पाणी हत्तीच्या पोटाशी असता राखणदार लुखमाजी प्रातःकाळी बांधावरून हाळी देई, "पाणी पोटाशी! घरटी चार घागरी!" आणि गुडघ्याशी उतरले म्हणजे "घरटी दोन!" मग रयत निमूट दोनच नेई, ऐसी वीस वर्षे गेली. त्या साली पाणी नेहमीहून आधीच गुडघ्याशी आले, तेव्हा दिवाणजींनी अर्ज केला की, रयत घाबरेल. मग महाराजांनी बहुत विचार करून हुकूम फर्माविला की, हत्तीस चहूंकडून कनात लावावी, आणि दुसरा हुकूम होईतो राखणदाराने "पाणी बहुत आहे" एवढेच बोलावे. लुखमाजीने पाय धरले, म्हणाला, "सरकार, दोन घागरींनी मिरगापातूर पुरतंय, येवढं तरी सांगू द्या." ऐकतो कोण!

दुसरे दिवशी हाळी जाहली, "पाणी बहुत आहे!" आणि काय सांगावे, प्रहरभरात अवघे शहर तळ्यावर लोटले! कोणी पखाली आणल्या, कोणी लग्नातली घंगाळी, आणि घरची भांडी भरली तेव्हा अंगणात खड्डे खणून पाणी ओतले, ते भुईने पिऊन टाकले, मग आणखी आणले. त्या गर्दीत लुखमाजीस आपलीच बायको गोजराबाई दिसली, डोईवर तीन घागरी. तो ओरडला, "अगं, तू सुदीक?" ती म्हणाली, "वीस वर्सांत कधी बहुत म्हनला न्हाईत. आज म्हनलात, तवाच म्या वळखलं, पानी सरतंय." हर हर! लिहिणाराने स्वतः सात घागरी नेल्या, खोटे का लिहावे?

पाचवे दिवशी कनात चिखलात लोळली आणि हत्तीची नखे दिसली, जी या शहरात कोणी पाहिली नव्हती. महाराजांची स्वारी बांधावर आली, मासे तडफडताना पाहून मुद्रा पांढरी पडली, आणि पुसते जाहले, "लुखमाजी, पाणी किती उरले?" दुसरा हुकूम अद्याप जाहला नव्हता. लुखमाजीने मुजरा केला आणि अवघ्या शहरास ऐकू जाईल ऐसी हाळी दिली, "पाणी बहुत आहे!"

मृगास एकतीस दिवस होते. येणेप्रमाणे तळ्याची अखेर जाहली, हे डोळ्यांनी पाहिले तैसे लिहिले.