टिटवीची अंडी आणि जंबूरावांची मान

एका जंगलात, बाळांनो, एक विद्यापीठ होतं. जंगलात विद्यापीठ कसं, असं विचारायचं नाही. विद्यापीठात जंगल चालतं, तर जंगलात विद्यापीठ का चालू नये? गप ऐका.

त्या विद्यापीठात आंतरविद्याशाखीय चिकित्सक संस्कृती-अभ्यास विभाग होता. नाव घेताना दम लागतो ना? म्हणून तर विभाग मोठा. तिथली रीत एकच, कुठलीही गोष्ट सरळ सांगायची नाही. पाणी प्यायचं असेल तर आधी तहान म्हणजे काय, ती कुणी ठरवली, यावर बोलायचं. तोवर तहान मरायची, पण चर्चा छान व्हायची.

सगुणा नावाची टिटवी या विभागात संशोधन करत होती. बिचारीचा आवाज अशुभ, असं सारं जंगल म्हणायचं. विभागप्रमुख बगळेसरांनी मात्र तिला सांगितलं की तुझं ओरडणं म्हणजे प्रस्थापित ध्वनिव्यवस्थेला दिलेला छेद आहे. सगुणेला यातलं काही कळलं नाही, पण रडू आलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या आवाजाला बरं म्हटलं होतं. तेव्हापासून ती विभागाचीच झाली.

टिटवी घरटं बांधत नाही, ठाऊक आहे ना? उघड्या माळावर, खड्यांमध्ये अंडी घालते. सगुणेनं विभागामागच्या माळावर घातली. अंडी उबवता उबवता ती प्रबंधही उबवायची.

एके दुपारी समोर जंबूराव कोल्हे येऊन उभे. जंगलात सगळ्यांत हुशार म्हणून त्यांचं नाव. पोट खपाटीला गेलेलं, नजर अंड्यांवर. त्यांनी बाईंना जरा बाजूला व्हायला सांगितलं.

आई-आजीच्या चालीनं सगुणेनं झेप घेऊन किंचाळायला हवं होतं. चोच उघडलीही. पण विभागाची सवय हाडीमाशी खिळलेली. तोंडून निघालं ते भलतंच.

"आपण ज्याला अंडं म्हणता, ते मुळात अंडं आहे, की भक्षकाच्या नजरेनं रचलेलं अंडेपण?"

जंबूराव थबकले. त्यांना ओ की ठो कळलं नाही. दुसरा कुणी, म्हणजे तरस वगैरे असता, तर अंडी गिळून मोकळा झाला असता. पण हे पडले हुशार. झुडपाआडून माकडं बघत होती. आपल्याला कळलं नाही हे त्यांना कळलं तर?

जंबूरावांनी मान डोलावली. "रास्त मुद्दा आहे," ते म्हणाले.

झालं! बोलणं थांबलं की अंडी गेली, हे सगुणेनं ओळखलं. तिनं भुकेचा इतिहास काढला, दातांचं राजकारण काढलं, माळाचं माळपण काढलं. जंबूरावांच्या पोटात कावळे ओरडत होते, पण मान हलतच होती. उठून जावं तर कळलं नाही असं दिसणार, खावं तर ऐकलंच नाही असं दिसणार. मध्येच ते म्हणाले की माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे. ते निरीक्षण त्यांनाच संपवता येईना. दिवस मावळला, उगवला, पुन्हा मावळला. सगुणेचा घसा बसला. तेच तेच शब्द फिरून येऊ लागले, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. टिटवीनं समुद्र आटवला म्हणतात. हिनं कोल्हा आटवला.

शेवटी टरफल तडकलं. टिटवीची पिल्लं बाहेर पडल्या पडल्या धावतात. थोरलं बाहेर आलं, त्यानं समोर पाहिलं.

"आई, कोल्हा! पळ!"

आणि सगळी गवतात पसार. सगुणा आनंदानं मागोमाग उडाली. फक्त कार्टं किती सरळ बोललं, याची तिला जराशी लाज वाटली.

माळावर टरफलं उरली आणि जंबूराव. मान अजून डोलतच होती. इतक्या चिकाटीनं ऐकणारा दुसरा नाही म्हणून बगळेसरांनी त्यांना विभागात प्राध्यापक केलं. ते अजून तिथे आहेत. त्यांच्यासमोर काहीही बोलावं, चालतं. फक्त कुणी सरळ बोललं, की त्यांना भूक लागते.

तात्पर्य: संकट आलं की ओरडू नये, व्याख्यान द्यावं. संकट हुशार असेल तर तुम्ही वाचाल. अडाणी असेल तर मात्र, बाळांनो, पळा.